पान उजेडात, मूळ अंधारात



आज आपण उजेडाविषयी बोलू. ज्ञानाचा उजेड वगैरे नव्हे. त्यावर तुम्ही पुष्कळ भाषणे ऐकली असतील. आज बोलायचे ते झाडाच्या रोपाला लागणाऱ्या उजेडाविषयी. आपल्या सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाची बाग घराघराला ठाऊक आहे. बागेचा आरंभ रोपापासून होतो. रोप चुकले तर पुढचे सगळेच चुकते. आणि रोप चुकण्याचे एक कारण असे आहे, की ज्याकडे आपले लक्षच जात नाही. ते कारण म्हणजे उजेड.

आधी घरातलीच एक गोष्ट पाहू. नवरात्रात आपण घट बसवतो. पत्रावळीवर काळी माती पसरतो. तीत गहू, ज्वारी असे धान्य पेरतो. वर घट ठेवतो. देवघरात उजेड थोडा. नऊ दिवसांत धान्य वीतभर वाढते. दसऱ्याला ते आपण टोपीत खोवतो. त्याचा रंग कसा असतो? पिवळा. काडी कशी असते? लांब आणि लेची. आता तेच गहू त्याच दिवशी बाहेर उन्हात पेरा. नऊ दिवसांनी रोप बुटके दिसेल. पण हिरवेगार आणि ताठ.

असे का होते? उजेड रोपासाठी दोन कामे करतो.

पहिले काम अन्नाचे. हिरवे पान म्हणजे झाडाची चूल. मुळे पाणी आणतात. पान हवेतून एक वायू घेते. उजेड हा त्या चुलीतला जाळ. या तिन्हींपासून पान साखर तयार करते, आणि तिच्यावर सारे झाड पोसते. उजेड नाही तर चूल थंड.

दुसरे काम निरोपाचे. उजेड रोपाला सांगतो, "आता तू मातीबाहेर आलास. आता उंच पळू नकोस. पाने पसर, हिरवा हो, बुंधा भर." घटातल्या धान्याला हा निरोप नीट पोचत नाही. ते बिचारे उजेड शोधत उंच उंच जाते. दाण्यात साठलेली शिदोरी वाढण्यातच खर्च करते. म्हणून ते लांब होते आणि पिवळे राहते.

हे झाले शेंड्याचे. मुळाचे काय? मुळाचा स्वभाव उलटा. शेंडा उजेडाकडे जातो, मूळ मातीत खाली अंधारात जाते. एकाच झाडाची ही दोन टोके. एकाला उजेड हवा, दुसऱ्याला अंधार आणि ओल हवी. पान उजेडात, मूळ अंधारात. एवढे एक वाक्य आज तुम्ही लक्षात ठेवले तरी आमचे बोलणे सार्थकी लागले.

आता हेच वाक्य घेऊन डाळिंबाच्या बागेत जाऊ.

डाळिंबाचे रोप आपण बहुधा बियांपासून करत नाही. बियांचे झाड आईसारखे निघेलच असा भरवसा नसतो. भगव्या डाळिंबाचे बी लावले तर फळ भगव्यासारखेच येईल असे नाही. म्हणून आपण फांदीपासून रोप करतो. त्यातली आपल्याकडची जुनी रीत म्हणजे गुटी.

गुटी कशी बांधतात, ते तुमच्यापैकी पुष्कळांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडायची. तिची इंचभर साल गोल काढायची. त्या जागी ओले शेवाळ लावायचे. वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळून दोन्ही टोके बांधायची. महिना-दीड महिन्यात आत मुळ्या दिसू लागतात. मग फांदी खालून कापून पिशवीत लावायची.

पण मुळ्या तिथेच का फुटतात? नीट पाहा. फांदीची पाने बाहेर उजेडात आहेत. ती साखर तयार करतात. कोवळ्या शेंड्यात मूळ फुटवणारे एक द्रव्यही तयार होते. साखर आणि ते द्रव्य सालीतून खाली उतरते. खाली तर साल काढलेली! वाट बंद. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर येतच असते. म्हणून फांदी वाळत नाही. साखर आणि ते द्रव्य कापलेल्या कडेशी साठते. तिथे शेवाळाची ओल आहे, आणि शेवाळाच्या आत अंधार आहे. मग मूळ फुटते. म्हणजे आपल्या वाडवडिलांची गुटी काय सांगते? पान उजेडात, मूळ अंधारात.

छाट कलमातही हेच आहे. वीतभर काडी कापायची. तिचे खालचे टोक मूळ फुटवणाऱ्या पुडीत बुडवायचे आणि मातीत खोचायचे. वरचे डोळे बाहेर उजेडाला राहतात. पण हा उजेड झाकलेला, जाळीतला हवा. कारण काडीला अजून मूळ नाही. कडक उन्हात ती पाणी गमावते आणि मूळ फुटण्याआधीच वाळते.

मग तुम्ही विचाराल, "गुरुजी, गुटी चांगली आहे, तर प्रयोगशाळेतल्या रोपाची भानगड कशाला?"

त्याचे उत्तर आहे तेल्या. हा रोग डोळ्याला दिसत नाही अशा जिवाणूमुळे होतो. आपल्या देशात त्याची पहिली नोंद 1952 साली दिल्लीत झाली. महाराष्ट्रात 2000 सालानंतर त्याने मोठा घाला घातला. फळावर तेलकट काळे डाग पडतात. फळ तडकते. उभ्या बागा लोकांनी कुऱ्हाड लावून काढल्या. सांगोल्याकडच्या माणसाला हे सांगायला नको. आता पाहा, तेल्या असलेल्या झाडाची गुटी बांधली तर काय होते? रोपाबरोबर रोगही घरी येतो. आपण पैसे देऊन रोग विकत घेतो.

आपल्या सोलापूरजवळ, पुणे रस्त्यावर केगावला, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. ते 2005 साली सुरू झाले. डाळिंबाच्या जाती, रोपे आणि रोग यांवर तिथे काम चालते. 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे 'सोलापूर डाळिंब' हे नाव बाहेरच्या मालाला लावता येत नाही. नाव मोठे झाले. आता ते राखायचे, तर रोप निरोगी हवे.

निरोगी रोपासाठी एक नवी रीत निघाली. तिला 'टिश्यू कल्चर' म्हणतात. आपण तिला बाटलीतले रोप म्हणू. महाराष्ट्राला ही रीत अगदीच नवी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1980 च्या सुमाराला शंभर वर्षांच्या सागाच्या झाडापासून अशी रोपे करून दाखवली होती. आज जळगावला केळीची आणि डाळिंबाची अशी रोपे मोठ्या संख्येने होतात.

बाटलीतले रोप कसे करतात? निरोगी, चांगल्या झाडाचा कोवळा शेंडा किंवा डोळ्याचा लहानसा तुकडा घेतात. तो औषधाच्या पाण्याने धुऊन निर्जंतुक करतात. काचेच्या बाटलीत खिरीसारखा घट्ट रस असतो. त्यात क्षार, साखर आणि वाढीची द्रव्ये असतात. 1962 साली मुराशिगे आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी या रसाचे माप ठरवून दिले. ते माप आजही जगभर वापरतात. रस दाबाच्या भांड्यात वाफेने उकळून घेतात. आपल्या घरच्या कुकरचाच तो मोठा भाऊ. मग तुकडा त्यात ठेवून बाटली बंद करतात. एका तुकड्याला अनेक फुटवे येतात. ते वेगळे करून पुन्हा नव्या बाटलीत लावतात. असे एकाचे शेकडो होतात.

आता आपला मुद्दा येतो. या बाटल्यांना उजेड कोणता?

बाटल्या मांडणीवर ठेवतात. खोली थंड असते, साधारण 25 अंश. वर नळीचे दिवे किंवा एलईडी दिवे असतात. दिवसाचे 16 तास दिवे चालू, 8 तास बंद. अशी रोपाची दिवस-रात्र घड्याळ लावून ठरवलेली असते. सूर्याची वाट पाहावी लागत नाही. श्रावणातले ढग नाहीत आणि वैशाखातले ऊनही नाही.

पण पहिल्या काही दिवसांत पुष्कळदा बाटली अंधारातच ठेवतात. का बरे? डाळिंबाचा रस कपड्यावर पडला तर काय होते? डाग पडतो आणि तो निघत नाही. वांगे चिरून ठेवले तर काळे पडते. डाळिंबाच्या कोवळ्या तुकड्याचेही तसेच. कापल्या जागेतून तुरट द्रव्य बाहेर येते. ते काळे पडते आणि त्या विषाने तुकडा मरतो. अंधारात हे काळे पडणे कमी होते. म्हणून आधी अंधार आणि मग उजेड.

फुटवे आले की उजेड लागतोच. नाही तर ते घटातल्या धान्यासारखे पिवळे आणि लेचे होतात. उजेडाचा रंगही पाहतात. सूर्याच्या प्रकाशात सात रंग असतात, हे पावसाळ्यातल्या इंद्रधनुष्यावरून आपल्याला कळते. पान त्यातला तांबडा आणि निळा उजेड जास्त कामाला लावते. हिरवा त्या मानाने जास्त परत फेकते. म्हणून तर ते हिरवे दिसते. एलईडी दिव्यांत तांबडा किती आणि निळा किती, हे हवे तसे ठरवता येते. पुष्कळ रोपे तांबड्यात उंच होतात आणि निळ्यात ठेंगणी, भरीव राहतात. थंड देशांत ब्लूबेरी नावाचे निळ्या टपोऱ्या फळाचे झुडूप लावतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते जगायचे नाही. त्याला आंबट माती लागते. त्या झुडपाची रोपेही बाटलीत करतात, आणि कोणत्या उजेडात मुळे चांगली फुटतात याचे प्रयोग करतात. झाड निराळे, माप निराळे. पण प्रश्न तोच.

शेवटी मुळे फुटवायची वेळ येते. तेव्हा फुटव्याला नव्या रसात लावतात. त्यात क्षार कमी असतात आणि मूळ फुटवणारे द्रव्य असते. पुष्कळ ठिकाणी त्यात कोळशाची बारीक भुकटी घालतात. रस काळाकुट्ट होतो. पाहणाऱ्याला वाटेल, नासला! पण नासलेला नसतो. कोळसा तुरट विष शोषून घेतो आणि मुळांना अंधार करून देतो. बाटली काचेची. बाजूने उजेड आत येणार. मुळाला तर अंधार हवा. म्हणून ही युक्ती. वर पाने दिव्याखाली, खाली मुळे काळ्या रसात. पुन्हा आपले तेच वाक्य आले, नाही का?

आता सगळ्यांत महत्त्वाचे. इथे कान द्या.

उजेड मोजायचे एक माप आहे. त्याला लक्स म्हणतात. बाटलीच्या मांडणीवर उजेड असतो साधारण 2,000 ते 3,000 लक्स. आणि उन्हाळ्यात भर दुपारी आपल्या शेतात असतो सुमारे 1,00,000 लक्स. म्हणजे जवळजवळ चाळीसपट. दिव्याखाली वाढलेल्या रोपाला एकदम चाळीसपट उजेडात उभे केले तर काय होईल?

शिवाय बाटलीत हवा दमट असते. रोपाला साखर आयती मिळते. त्यामुळे त्याची पाने पातळ असतात. पानावर मेणाचा थर असतो तो अगदी कमी. पानाला बारीक छिद्रे असतात. उन्हात पाणी वाचवायला झाड ती मिटून घेते. बाटलीतल्या रोपाला ती नीट मिटताच येत नाहीत. जणू घराला दारे आहेत, पण कड्या नाहीत. बाहेर काढले की पाणी भराभर उडून जाते आणि पान भाजून निघते.

बाळंतिणीच्या खोलीतले बाळ आठवा. आपण त्याला पहिल्याच दिवशी उन्हात नेतो काय? आधी खोलीतच. मग माजघरात. मग ओसरीवर. मग सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणात. रोपाचेही तसेच करावे लागते. आधी दमट, झाकलेल्या घरात दाट सावलीत काही आठवडे. मग पातळ जाळीखाली आणखी काही आठवडे. मग उघड्यावर. या काळात रोपाला नवी पाने येतात. ती जाड असतात, त्यांना मेण असते, त्यांच्या दारांना कड्या असतात. जुनी पाने गळाली तरी चालतात. नवी पाने आली म्हणजे रोप कमावले गेले असे समजावे.

हे सगळे आम्ही तुम्हाला शहाणपणाने सांगतो आहोत. पण हे शहाणपण आम्हाला फुकट मिळाले नाही. तेही सांगितले पाहिजे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही थोड्या जमिनीत डाळिंब लावायचे ठरवले. पेन्शनीतून बाजूला टाकलेले पैसे होते. आम्ही बाटलीतली 100 रोपे आणली. रोपे सुरेख होती. मार्चअखेर होती. आमच्या शेतावरच्या गड्याने रोपे पाहिली, पान बोटांत धरले आणि म्हणाला, "गुरुजी, लई कवळी हायती. तुराट्यांची सावली करू का?" आम्ही म्हणालो, "अरे, ही प्रयोगशाळेतली रोपे आहेत. यांना काही होत नाही." आणि दुसऱ्याच दिवशी लावून टाकली. तीही सकाळी दहा वाजता.

तिसऱ्या दिवशी पानांचा रंग उडाला. पाचव्या दिवशी कडा करपल्या. आठव्या दिवशी मोजली, तेव्हा 63 रोपे गेली होती. आमचा संताप संताप झाला. रोपे देणाऱ्याने फसवले असे आम्ही चार लोकांत बोललोही. मग एके दिवशी सदरा धुवायला टाकताना खिशातून एक कागद निघाला. रोपांबरोबर तो आम्हाला मिळाला होता. त्यावर स्वच्छ मराठीत छापले होते: रोपे आणल्यावर पंधरा दिवस जाळीच्या सावलीत ठेवा. सावली हळूहळू कमी करा. भर उन्हात लावू नका.

मंडळी, आम्ही जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. आणि चार ओळींचा कागद न वाचता खिशात घातला. आमच्या गड्याला अक्षर येत नव्हते. पण त्याने पान वाचले होते. आम्हाला अक्षर येत होते. पण आम्ही ना कागद वाचला, ना पान. आम्ही त्या माणसाची क्षमा मागितली. रोपे देणाऱ्याविषयी बोललो होतो तेही चारचौघांत मागे घेतले. उरलेल्या 37 रोपांवर गड्याने तुराट्यांचे छप्पर केले. ती जगली. पुढच्या पावसाळ्यात बाकीची जागा भरून काढली. या वेळी कागद वाचून, आणि त्याला विचारून.

आता तुम्ही रोपे आणायला जाल तेव्हा काय कराल?

पहिले. रोप कुठून आले ते विचारा. गुटी असेल तर आईझाड स्वतः पाहा. त्या बागेत तेल्या असेल तर गुटी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

दुसरे. बाटलीतले रोप असेल तर विचारा, ते जाळीखाली किती दिवस होते? उघड्यावर किती दिवस होते? नुसते उंच, फिकट, लेचे रोप घेऊ नका. ठेंगणे, गडद हिरवे, नव्या पानांचे रोप घ्या.

तिसरे. पिशवी पाहा. रोपाची पिशवी काळी का असते? मुळांना अंधार मिळावा म्हणून. फाटक्या पिशवीतून मुळे बाहेर आली असतील तर ती उजेडाने आणि वाऱ्याने वाळतात. असे रोप मागे ठेवा.

चौथे. घरी आणल्यावर लगेच लावू नका. झाडाखाली किंवा जाळीखाली ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे ऊन वाढवा. आधी सकाळचे, मग दुपारचे.

पाचवे. लावायचे ते संध्याकाळी. पाऊस सुरू झाल्यावर लावले तर उत्तम. ऊन असेल तर पश्चिमेच्या अंगाला कडब्याचा किंवा तुराट्यांचा आडोसा करा. दुपारनंतरचे ऊन जास्त भाजते. लावताना मुळे उघडी ठेवून गप्पा मारत बसू नका. पिशवी फाडली की रोप लगेच मातीत.

सहावे. एक गोष्ट विसरू नका. बाटलीतले रोप निरोगी येते. पण त्याला रोग कधीच होत नाही, असे नव्हे. शेजारच्या बागेत तेल्या असेल तर पावसाच्या थेंबांबरोबर, वाऱ्याबरोबर, कात्रीबरोबर तो तुमच्याही बागेत येतो. म्हणून छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना औषधात बुडवा. रोप चांगले आणले म्हणजे राखण संपली असे नाही.

आणि ज्यांना डाळिंब लावायचे नाही, त्यांनी घरी एवढे करून पाहा. दोन वाट्यांत ओली माती घ्या. दोन्हींत मूठभर गहू पेरा. एक वाटी अंगणात ठेवा, एक कपाटात. आठ दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवा आणि मुलांना दाखवा. मग कपाटातली वाटी अंगणात आणा. एकदम उन्हात ठेवू नका बरं का! आधी ओसरीवर. दोन-तीन दिवसांत पिवळे पान हिरवे होऊ लागेल. ते पाहताना मोठ्या माणसालाही गंमत वाटते. आम्हाला अजून वाटते.

पुढच्या वेळी रोपांबरोबर कागद मिळेल. तो खिशात घालू नका. आता तुम्हाला वाचता येते. तिथेच उभे राहून, बोट फिरवत, मोठ्याने वाचा. आणि घरी आल्यावर रोपाचे पानही वाचा.